मिहुला म्हणजे काय

नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी भुवया उंचावायचा, मग "काय म्हणालात?" करायचा, आणि मग ठरलेला प्रश्न यायचाच. "छान आहे हो, पण म्हणजे काय?" बँकेतला कारकून असो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, तिची त्यातून सुटका नव्हती. मिहुला नावाची बाई साऱ्या जगात एकच होती, ती ही. आणि तिलाच आपल्या नावाचा अर्थ धड सांगता येत नव्हता. आता बोला, अशा माणसाने करायचं काय?

लहानपणी तिने त्यावर सोपा उपाय काढला होता. थापा मारायच्या. एका वर्षी शाळेत मिहुला म्हणजे पहाटेचं धुकं होतं, तर पुढच्या वर्षी समुद्राच्या तळाशी राहणारी मासोळी. एका बाईंना तिने सांगितलं की हा फार जुन्या भाषेतला शब्द आहे आणि ती भाषा बोलणारी सगळी माणसं मेली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न ठरताना होणाऱ्या नवऱ्याला तिने मिहुला म्हणजे "शहाणी" असं ठोकून दिलं आणि पुढच्या संसाराची सोय करून ठेवली. तो भला माणूस शेवटपर्यंत तेच खरं धरून चालला.

खरं उत्तर तिला ठाऊक होतं, पण त्याने कुणाचं समाधान होत नसे. मिहुला हा एक रंग होता. "कुठला?" असं विचारलं की तिची बोलती बंद. तो रंग तिने पाहिलेलाच नव्हता. तो पाहिला होता तिच्या बाबांनी, आणि तोही एकदाच, ती जन्मली त्या दिवशी.

बाबा रंगारी. वर राहतं घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर भट्ट्यांवर चढवलेले मोठाले हंडे, पोत्यांतून भरलेली सालं आणि मुळं, तुरटीचे खडे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतकी वाफ की स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. त्या वाफेत माणसं स्वप्नात फिरल्यासारखी फिरायची. कामगार बाबांना वस्ताद म्हणायचे. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे काका, वाळवणीचं बघायचे.

तिथे एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. ओल्या कापडाकडे बघायचं नाही. ओला रंग खोटं बोलतो, असं आजोबा सांगून गेले होते. ओलं असताना कापड असं काही नटतं की रंगारी हुरळून जातो, त्याला नाव देऊन बसतो, गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसतो, आणि वाळल्यावर तोंडघशी पडतो. म्हणून हंड्यातून कापड काढायचं ते भिंतीकडे तोंड करून. वाफेतून थेट मागच्या अंधाऱ्या खोलीत न्यायचं, दोरीवर टाकायचं, दार ओढून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर दिसेल तो रंग, आणि नवा असेल तर मग त्याला नाव. नाव द्यायचा मान वस्तादाचा.

ती जन्मली त्या दिवशी बाबांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बायको दवाखान्यात, आणि हे इथे हंड्यापाशी. हाताला काम हवं म्हणून त्यांनी एक नवीच जुळणी करून बघितली. आधी लाल धरलेलं कापड, त्यावर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मग निळीत बुडी. मागची खोली भरलेली होती, म्हणून तो ताका त्यांनी अंगणात आणला. खरं कारण निराळं होतं. अंगणातून फाटक दिसायचं, निरोप घेऊन कुणी आलं तर आधी कळलं असतं. ताका दोरीवर टाकला आणि बाबा फाटकाकडे बघता बघता कापडाकडे बघत राहिले. तेवढ्यात शेजारची पोरगी ओरडत आली, मुलगी झाली, मुलगी झाली! बाबा ओल्या हातांनी तसेच पळत सुटले. बायकोच्या उशाशी बसून म्हणाले, "आज असा रंग आलाय की कुणी पाहिला नसेल. त्याचं नाव मिहुला. आणि हिचंही मिहुला." हा शब्द कुठून आणला असं विचारलं तर ते म्हणायचे, कुठून आणणार, तोंडात आला. बघशील, पुढे घराघरांत मिहुला असतील.

दुसऱ्या दिवशी ते परत आले तर दोरी मोकळी. काका म्हणाले, "अरे, लांबचा कुणी व्यापारी आला होता. वाळलेलं कापड पाहून खुळावलाच. नाही म्हणता म्हणता अख्खा ताका घेऊन गेला." बाबांनी कपाळाला हात लावला. "अरे दादा, हातभर तुकडा तरी कापून ठेवायचास!" काका मान खाली घालून म्हणाले, "सुचलं नाही रे."

मग काय, बाबा त्या रंगाच्या मागे लागले. तीच मुळं, तोच हिराकस, तीच नीळ. दार उघडलं की दोरीवर गाळ. धड तपकिरी नाही, धड राखाडी नाही, ओढ्याच्या तळाशी साचतो ना, तसला. त्या दिवशी घाईगर्दीत आपल्या हातून काहीतरी जास्तीचं पडलं किंवा काहीतरी राहून गेलं, असं बाबांनी मनाशी घेतलं. काय पडलं, काय राहिलं, तेवढं आठवेना. कधी तुरटी बदलून बघितली, कधी पाणी, कधी वेळ. गाळ तो गाळच. काका सगळं बघायचे आणि मूग गिळून गप्प बसायचे, आणि एका थंडीत ते गेलेही.

ती मात्र त्या व्यापाऱ्याच्या मागे लागली, म्हणजे मनातल्या मनात. लहानपणी रस्त्याने जाताना तिची मान नेहमी वर. लोकांच्या खिडक्या, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. कुठेतरी तो ताका असणार ना? कुणाच्या तरी घरी त्याचे पडदे झाले असतील, आणि दुपारच्या उन्हात सगळी खोली त्या रंगाची होत असेल. कुणा बाईने त्याचा झगा शिवला असेल, पुढे तो उसवून बाळाची दुपटी केली असतील. झोपेत तिला तो ताका दिसायचा. जिने उतरायचा, पूल ओलांडायचा, बोटीवरून फडफडत जायचा, आणि ती मागून धावायची. रंग मात्र स्वप्नातसुद्धा दिसायचा नाही. ताका पुढच्या वळणावर असायचा. ती ठेचकाळायची, दोनदा तर खांबावर आदळली, पण वर बघायची खोड काही गेली नाही. मोठी झाली, बाबांच्या हाताखाली शिकली, कामगार तिला ताई म्हणू लागले, केस पांढरे झाले, तरी नव्या गल्लीत पाऊल टाकलं की पहिली नजर वरच्या खिडक्यांकडे.

हे सगळं असंच चाललं असतं. पण तिच्या लेकीला मुलगी झाली.

लेक दातांची डॉक्टर. लहानपणी उकळत्या हंड्यांच्या भीतीने तिला कारखान्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि मोठेपणी तिला तिथला वास सोसायचा नाही. बाळंतपणानंतर आपल्या घरी पलंगावर टेकून बसल्या बसल्या तिने जाहीर करून टाकलं, "आई, हिचं नाव मिहुला."

"वेडी की काय तू!" आजी झालेल्या बाईचा आवाज चढलाच. "ते सोडून दुसरं काहीही ठेव."

"का? तुझं नाव आहे ते. आणि मी फोनवर शोधून पाहिलंय, जगात दुसरी एकही मिहुला नाही."

"नाही ते बरंच आहे. जन्मभर मी उत्तरं देत फिरले, आता ही फिरू दे का? रिकामं नाव मी पोरीच्या गळ्यात अडकवू देणार नाही."

बाळाची दुसरी आजी, म्हणजे लेकीच्या सासूबाई, खुर्चीत बसून लोकर विणत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "नाव गोड आहे हो विहीणबाई. पण म्हणजे काय?"

"बघ!" ती लेकीला म्हणाली. "सुरुवात झाली."

लेकही तिचीच. "आई, मला अर्थबिर्थ नको. मला तुझं नाव हवंय."

"आधी रंग दाखवते, मग नाव ठेव. रंग नाही तर नाव नाही." असं म्हणून ती उठली, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. बाबांना आयुष्यभर जे जमलं नाही ते आपण आता करून दाखवणार होतो म्हणे!

इकडे बाबा कारखान्याच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसलेले असायचे. डोळ्यांतला उजेड हळूहळू गेला होता. समोर ऊन आहे की सावली, एवढंच कळायचं. तिने सगळं सांगितलं तसे ते सरसावून बसले.

"एकदा शेवटचं करून बघ, पोरी," ते म्हणाले. "माझंच काहीतरी चुकत होतं. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पणतीचं नाव माझ्या चुकीपायी अडू नये गं."

तिला भडभडून आलं. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला गुन्हेगार समजत आला होता, ते ती जाणून होती, पण त्यांच्या तोंडून ऐकणं सोपं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं की या खेपेला रंग यायलाच हवा. नाहीतर नाव सोडून द्यायचं, आणि बाबांना कसंबसं समजवायचं.

ती कामाला लागली. कापड धुऊन घेतलं, लाल धरलं, हिराकसात घातलं, आणि ऊन तापल्यावर निळीत बुडवलं. कामगारांना तिने दुसऱ्या बाजूला पाठवून दिलं होतं. वाफ दाटली. हंड्याच्या कडेशी उभी राहून कापड हलवताना तिला वाटलं, आपण जागे आहोत की झोपेत, कोण जाणे. बाबा इथेच उभे असतील, असंच ढवळत असतील, आणि मी अजून या जगात यायची असेन. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, काठीने कापड वर घेतलं, पिळलं, खांद्यावर टाकलं आणि मागच्या खोलीकडे वळली.

"आई! बघ कोण आलंय!"

अंगणातून लेकीची हाक. बाळाला घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडली होती ती, आणि बाहेर पडून आली कुठे, तर इथे! आई सगळं विसरली. खांद्यावर ओला ताका, पायांत पाण्याने भरलेले बूट, आणि तशीच ती धावत दाराबाहेर आली, भर उन्हात.

"अगं, वास सोसतो का तुला? आणि बाळाला का आणलंस इकडे धुरात..."

लेकीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती आईच्या खांद्याकडे बघत होती.

"आई, हे काय आहे?"

"बघू नकोस!" ती एकदम ओरडली. सवय, दुसरं काय! "ओलं आहे ते!"

"मग असू दे की ओलं! अगं, बघ तरी!"

आणि तिने मान वळवली.

आता तो रंग कसा होता हे मी तुम्हाला सांगितलं असतं, पण तिलाच सांगता आलं नाही तिथे मी कोण? शेकडो छटांची नावं जिच्या जिभेवर, तिला एक शब्द सापडेना. हिरवा म्हणावा तर आतून तांबडं काही जागं होतं. जांभळा म्हणावा तर कापड हललं की सोन्यासारखं पिवळं व्हायचं. डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आत ऊन लागतं ना, थोडासा तसा. ती शोधत राहिली आणि तिला एकच शब्द मिळाला, स्वतःचं नाव. तिने ताका दोरीवर टाकला. सगळ्या अंगणात तो रंग पसरला, लेकीच्या गालांवर, भिंतीवर, बाळाच्या मुठींवर. बाळ डोळे विस्फारून बघत होतं.

मग ताक्याची एक कड मळली. आधी तिला वाटलं सावली असेल. पण मळ वर चढत गेला, दुसऱ्या कडेनेही आला.

"आई, जातोय तो! थांबव ना!"

"कसा थांबवू?"

कपातला चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात सगळं संपलं. दोरीवर तोच ओळखीचा गाळ. पाणी मात्र अजून टपटपत होतं.

ती उपड्या पिंपावर मटकन बसली. बाबांनी त्या दिवशी ताका अंगणात आणला होता. उन्हात. त्यांनी पाहिला तो ओलाच पाहिला, आणि निरोप येताच पळाले. वाळलेला त्यांनी पाहिलाच नाही. पाहिला काकांनी. दोरीवर गाळ आणि दवाखान्यात त्याच नावाची पोर. आता भावाला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून काकांनी व्यापारी उभा केला. ताक्याचं काय केलं देव जाणे, काळ्यात बुडवून टाकला असेल, काळ्यात काहीही खपतं. म्हणजे पडदे नव्हते, झगा नव्हता, दुपटी नव्हती. त्या साऱ्या खिडक्यांत कधीच काही नव्हतं, आणि ती वेड्यासारखी मान वर करून हिंडत होती. तिला काकांचा असा राग आला की ते समोर असते तर म्हातारपणाचाही विचार न करता तिने त्यांना फैलावर घेतलं असतं. आणि मग रडूच आलं. किती जीव लावला होता त्या माणसाने भावाला, आणि त्या प्रेमापायी भावाचा जन्म वाया घालवला!

तिने रडत रडत सांगितलेलं लेकीने सगळं ऐकून घेतलं. बाळाला थोपटत ती हळूच म्हणाली, "आई, आजोबांना नको सांगूस. रंग आला म्हण आणि संपव. त्यांना दिसतंय कुठे?"

ते सोपं होतं. पण काकांनीही तेच केलं होतं की. ती उठली, हात पुसले आणि जिना चढली. लेक मागोमाग.

बाबांनी पावलांवरूनच ओळखलं. "आला?"

"आला बाबा."

ते पुढे वाकले. "आणि वाळल्यावर?"

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांचे जुने डाग पडलेले हात हातांत घेतले. "वाळल्यावर गाळ. तो ओलाच असतो, बाबा. चहा निवेपर्यंत राहतो आणि जातो. तुम्ही ओला पाहिलात. व्यापारी कुणी आलाच नव्हता. काकांनी तुमचं मन राखलं."

आपण फार मोठी चूक करून बसलो असं तिला वाटलं.

"म्हणजे मी चुकत नव्हतो?" बाबांनी विचारलं.

"कधीच नाही."

"दर वेळी येत होता?"

"दर वेळी, बाबा."

"आणि मी भिंतीकडे तोंड करून..." बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या त्या विझलेल्या डोळ्यांतून धारा लागल्या. "अरे दादा! अरे माझ्या दादा! सांगायचंस की रे गाढवा!" मग पुष्कळ वेळाने, नाक पुसून, ते चोरटेपणाने म्हणाले, "पोरी, कसा होता गं? खोटं कशाला बोलू, मी केव्हाच विसरलोय. नुसतं नावच राहिलं होतं माझ्याजवळ."

"नाही सांगता येत, बाबा."

"नाहीच येणार," बाबा समाधानाने म्हणाले. "येत असतं तर मी तरी नवीन नाव कशाला काढलं असतं?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने होकाराची मान हलवली. लेक पुढे झाली आणि बाळाला तिने पणजोबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी बोटांनी बाळाचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, मूठ उघडून बघितली. मग खाली वाकून, फार लांबच्या कुणाला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, "मिहुला..."

"ओ," ती म्हणाली. जन्माची सवय.

"तू नव्हे गं," बाबा म्हणाले. "ही."